मिलिमो मातीला गेली नाही

मिलिमो आईच्या मातीला गेली नाही, ही गोष्ट पेम्बापासून चोमापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बसमध्ये कुणाशी बोलता बोलता मी बटोका रस्त्याच्या डुक्करफार्मवर होते असं तोंडातून निघालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ती डुकरांपायी आईला विसरलेली बाई तुमच्यातलीच ना?" मी हो म्हणते. समोरचं माणूस मान हलवतं, खिडकीबाहेर बघतं आणि विषय तिथं संपतो. मला तो तिथं संपलेला आवडत नाही, म्हणून सांगते. मी ट्रायफिना. मिलिमोच्या खोलीत तिच्या शेजारच्या खाटेवर कित्येक हिवाळे झोपले.

मिलिमो हामुसोंदे म्हणजे आमच्या फार्मवरचा सगळ्यात मोठा आवाज. ती कुठल्या शेडमध्ये आहे हे गेटवरूनच कळायचं. तिचा नवरा हॉटेलात कामाला म्हणून मोठ्या धबधब्याच्या गावी, लिव्हिंगस्टनला गेला तो तिकडचाच झाला. कुणी चौकशी केली की ती म्हणायची, "धबधबा बघायला गेलाय. अजून बघतोय." मुलगी चिपेगो गावी, मिलिमोच्या आईजवळ. आईचं नाव जेलिता. गाव पेम्बाच्या पलीकडे, रेल्वे ओलांडून आत.

फार्मवर मिलिमोकडे दोन जागा होत्या. एक म्हणजे तरण्या माद्यांची शेड, ज्या अजून एकदाही व्यायल्या नाहीत त्यांची. दुसरी, नुकतंच दूध तुटलेल्या पिलांची खोली. दोन्हीकडचं काम खायला घालण्याचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, डुकराला काय, समोर टाकलं की खातं. आमचे कलालुका साहेब नव्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "मांसाच्या डुकराला फुगवायचं असतं. तरण्या मादीला वाढवायचं असतं. हाडं होऊ द्या, चरबी नको. चरबी चढली की ती माजावर येत नाही, आली तर गाभण राहत नाही, राहिली तर चार पिलं देते."

कलालुका साहेब लोझी जमातीचे, आम्ही बहुतेक जणी टोंगा. लोझी आणि टोंगांची थट्टा आजोबा-पणजोबांपासूनची, तीत कुणी रागवायचं नसतं. मिलिमो ती संधी सोडायची नाही.

"साहेब, तुमच्याकडे नवरीला लग्नाआधी मासे खाऊ घालून घालून इतकी जड करतात म्हणे की होडी बुडते."

"आणि तुम्ही टोंगा आधी गाय बघता, मग नवरी."

"बघणारच की. तुमच्या पणजोबांनी पळवून नेल्यावर ज्या गाई उरल्या, त्यांच्यावर नजर ठेवायला नको?"

साहेब हसून हसून भिंतीला टेकायचे. नराजवळ नेण्याआधी दोनेक आठवडे माद्यांचा खुराक वाढवायचा आणि गाभण राहिली की लगेच कमी करायचा, हे त्यांनी शिकवलं तेव्हा मिलिमो म्हणाली, "म्हणजे लग्नाला जेवणावळ आणि दुसऱ्या दिवसापासून उपास. माझंच सांगताय की साहेब."

पिलांचं काम जास्त नाजूक. आईचं दूध पीत असतानाच त्यांना दाण्याची चव लावायची. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, मक्याचा बारीक भरडा, दुधाची भुकटी, किंचित साखर, एवढंसं चिमटीत धरून कोरड्या फरशीवर भुरभुरायचं. पिलं आधी त्यात नाचतात, मग पायाला लागलेलं हुंगतात, मग एखादं चाटतं. एक चाटलं की बाकीची येतात. उरलेलं दिवसातून चार वेळा काढून टाकायचं, शिळं तोंडात गेलं की हगवण. दूध तोडल्यावर तर आणखी सांभाळायचं, भुकेनं ती हावरटासारखी खातात आणि त्यानंच मरतात. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, पाणी स्वच्छ. मिलिमोला हे जमायचं. प्रत्येक विणीतल्या सगळ्यात मरतुकड्या पिलाला ती नाव द्यायची, बहुतेक एखाद्या पाद्र्याचं. एकदा असं एक पिल्लू दगावलं तर ते कमरेला नेसायच्या चितेंग्याच्या कापडात गुंडाळून दुपारपर्यंत रडत बसली. आम्ही तिला हसलो होतो. तीही मग रडता रडता हसायला लागली, म्हणाली, "पाद्री मेला तरी इतकी रडणार नाही मी."

त्या वर्षी कापणी झाली आणि डुकरांचा ताप आला. आधी पूर्वेकडे असल्याचं ऐकलं, मग रेल्वेच्या कडेकडेनं आमच्या बाजूला. या तापाला औषध नाही. कान लाल होतात, जनावर खायचं थांबतं आणि आडवं होतं. एका गोठ्यात शिरला की सगळा गोठा जातो, आणि तो माणसाच्या बुटांवरून, कपड्यांवरून, सायकलच्या चाकावरून येतो. कलालुका साहेबांनी आम्हा सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं.

"उद्यापासून गेट बंद," ते म्हणाले. "ज्यांना घरी जायचंय त्यांनी आज जा, पगार मिळेल, नोकरी राहील. जे आत राहतील ते सगळं निवळेपर्यंत आत. बाहेर गेलेल्याला मधे परत घेणार नाही. मलासुद्धा नाही."

काही जणी गेल्या. मी राहिले, माझं बाहेर कुणी वाट बघणारं नव्हतं. मिलिमोनं आईला फोन लावला. ती फोनवरही ओरडूनच बोलायची, आणि जेलिता आजीचा आवाजही तसाच, त्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला ऐकू यायच्या.

"राहा तिथंच," आजी म्हणाली. "इथं येऊन काय करणार? चिपेगो शाळेत जाते, जेवते, तुझ्यासारखी उलट बोलते. सगळं ठीक आहे."

"आई, तुझ्या डुकरिणीला बाहेर सोडू नकोस. बांधून ठेव. उष्टं-खरकटं दुसऱ्याच्या घरचं घालू नकोस."

"अगं तुझ्या माद्या मापानं खातात. माझी जे मिळेल ते खाते आणि गेल्या खेपेला अकरा दिली. मला शिकवतेस?"

"आई, ऐक ना."

"ऐकते. बांधते. बाजारातली पाव किलो अक्कल घेऊन मला फोन करत जाऊ नकोस, पैसे जातात."

आजीनं बांधली असणार. पण गावात तीन घरं सोडून कुणीतरी आजारी डुकराचं मांस स्वस्तात आणलं होतं, आणि एक दिवस फोन आला की डुकरीण खात नाही.

"कोंडा ओला करून दिला, नको. रताळ्याचे वेल दिले, हुंगतही नाही."

"कान बघ आई. लाल आहेत?"

आजी बघून आली. मग म्हणाली, "थंडीनं झाले असतील."

सरकारी माणसं गाडी घेऊन गावात आली, उरलेली डुकरं मारून सगळ्यांना एका खड्ड्यात जाळलं. आजीची तोवर आपली आपणच मेली होती. त्या रात्रीच्या फोनवर आजी डुकरिणीबद्दल काही बोलली नाही. चिपेगोचा स्वेटर तोकडा झालाय एवढंच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात हाबेन्झू मामा सायकलवरून आले. मिलिमोच्या आईचे ते सख्खे भाऊ, म्हणजे आमच्यात घरातलं मोठं माणूस. सकाळचं दव अजून गवतावर पांढरं होतं. गेटवरचा ओबर्ट धावत आला आणि मला म्हणाला, "मिलिमोला बोलाव. मामा आलाय. टोपी हातात आहे."

मिलिमो बादली घेऊनच गेली. गेटच्या आत ती, बाहेर मामा, मधे बूट नि चाकं बुडवून घ्यायचा चुन्याच्या पाण्याचा हौद. मामा त्या गावातून आलेले, त्यांना जवळ येऊ देता येत नव्हतं.

"मामा, इतक्या थंडीचं सायकलवर?"

"मिलिमो. बाळ, तुझी आई गेली."

"कुठं?"

मामांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पंपावर पाणी भरायला गेली होती. बादली डोक्यावर घेतली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. बायका धावल्या, पण काही उरलं नव्हतं."

मिलिमोनं हातातली बादली खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

"चिपेगो?"

"डेलिया मावशीकडे आहे. तिची आजी गेलीय हे तिला कळलंय."

"जेवली का ती?"

"जेवली असेल."

आम्ही आतल्या बायकांनी तोवर हंबरडा फोडला होता, फोडायलाच हवा, आपल्यातल्या एकीची आई गेली. मिलिमो आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "हळू गं. माद्या बिचकतील." तिचा आवाज इतका साधा होता की आम्ही खरंच गप्प झालो.

कलालुका साहेब गमबूट घातलेले धावत आले. त्यांनीही टोपी काढली. "मिलिमो, तू जा. गेट उघडायला सांगतो. सगळं उघडेपर्यंत परत घेता येणार नाही, पण तुझी जागा तुझीच. माझा शब्द आहे."

"बरं साहेब."

"उद्या दुपारपर्यंत माती तुझ्यासाठी थांबवू," मामा म्हणाले. "पण आत्ताच चल. मागे बस सायकलवर."

"बरं मामा. एवढं पिलांना खायला घालून येते."

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माणूस अशा वेळी काहीतरी उरकतोच, चूल विझवतो, दार लावतो. मी खोलीत जाऊन तिचे कपडे, स्वेटर, डोक्याला बांधायचं काळं फडकं असं पिशवीत भरलं आणि पिलांच्या खोलीकडे गेले.

ती ओला भरडा कालवत होती. हात कोपरापर्यंत पिठात. एका कप्प्यात घातलं, पिलं खाईपर्यंत उभी राहिली, उरलेलं खरवडून काढलं, पाणी बदललं, पुढच्या कप्प्याकडे गेली.

"चल," मी म्हटलं. "मामा थांबलेत."

"हो. हे झालं की."

"दे मी घालते. मला येतं."

"तू एकदम ओततेस," ती म्हणाली. ते खरं होतं.

ती खोली झाली. मग ती तरण्या माद्यांकडे गेली. त्यातल्या पहिल्या तुकडीच्या गाभण होत्या, दिवस भरत आलेले, त्यांचा खुराक आता कमी करून कोंडा वाढवायचा होता, पोट साफ राहावं म्हणून. तिनं प्रत्येकीचं वेगळं माप घेतलं. पिलांच्या खोलीतून माद्यांच्या शेडकडे जायचा रस्ता गेटसमोरून जातो. ती बादली घेऊन गेली, रिकामी घेऊन आली, भरून पुन्हा गेली. मामा सायकल कुंपणाला टेकवून उभे होते. एकदा त्यांनी हात वर केला. तिनंही केला.

तोवर पिलांची पुढची वेळ झाली. मी पिशवी घेऊन तिच्या मागे मागे फिरत होते. दर वेळी ती म्हणायची, "हो, चल, हे झालं की." रागानं नाही, टाळायलाही नाही. मला वाटतं तिला खरंच जायचं होतं. ती थांबत नव्हती एवढंच.

ऊन उतरल्यावर मामा गेले, अंधाराआधी त्यांना रेल्वे ओलांडायची होती. ओबर्ट म्हणाला, "म्हाताऱ्यानं सायकल वळवली. टोपी घातली आणि निघाला."

संध्याकाळी तिनं खाटेवरची पिशवी बघितली. "हे काय?"

"तुझे कपडे."

"हो," ती म्हणाली आणि बूट न काढता आडवी झाली. बूट मी काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी फार्मची गाडी काढायला सांगितली, ड्रायव्हर चुन्यातून चाकं काढून बाहेर उभाही राहिला. मिलिमोला निरोप गेला. "बरं," ती म्हणाली. पण तरण्या माद्यांतली एक त्याच पहाटे व्यायला लागली होती, पहिलीच वेळ, आणि ती पिलांना जवळ येऊ देईना, दात दाखवून उठायची. पहिला चीक पोटात गेला नाही तर पिल्लू संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मिलिमो तिच्या पाठीशी बसून पोट खाजवत राहिली, मादी पसरली की एकेक पिल्लू सडाला लावत राहिली. मी दारात उभी. दुपार झाली. पलीकडच्या गावात आता माणसं आईच्या खड्ड्याभोवती उभी असतील, हे तिला ठाऊक असणार. ती पिलं पुसत होती. दहा होती. दहाही प्यायली.

गाडी गेटबाहेरूनच रिकामी परत आत आली.

लोक जे सांगतात त्यात हे काही नसतं. लोक म्हणतात, तिला मामानं बोलावलं तर ती म्हणाली, माझी डुकरं आधी. असं ती कधी म्हणाली नाही.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखेच आठवतात. मिलिमो पहाटे उठायची, काम करायची, कामात चूक नसायची. गाणं नाही, ओरडणं नाही. डेलिया मावशीचा फोन यायचा, ती जेलिता आजीची धाकटी बहीण, तिचा आवाजही पोचायचा. "पाच गावची माणसं आली, तुझी वाट बघितली. शवपेटी उघडून ठेवली होती तुझ्यासाठी! काय सांगू मी लोकांना?" मिलिमो म्हणायची, "हो मावशी." मावशी आणखी बोलायची. "हो मावशी." शेवटी मावशी थकायची आणि चिपेगोला फोन द्यायची, तर मिलिमो विचारायची, "जेवलीस?" चिपेगो म्हणायची, "जेवले," आणि फोन परत मावशीकडे द्यायची.

साहेब थट्टा करायचे थांबले होते. मग एकदा मुद्दाम म्हणाले, "मिलिमो, आज सगळे टोंगा झोपेत आहेत का?" ती म्हणाली, "नाही साहेब, काम झालंय." साहेब निघून गेले.

त्यातच खाण्याचा माल अडला. लॉरी गेटपर्यंत यायची, पोती बाहेर उतरायची, त्यांच्यावर फवारून ती बरेच दिवस तशीच ठेवावी लागत. मका नव्या कापणीचा आणि ओला निघाला. साहेबांनी मूठ नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं. बुरशीचा मका तरण्या मादीला गेला तर ती खोटी माजावर येते, गाभण असली तर गाभ टाकते. आम्ही पत्र्यांवर मका पसरून उन्हात उलटापालटा करत बसलो, काळे दाणे निवडून फेकले. सोयाबीन संपत आलं, दुधाची भुकटी संपली. पिलांचं खाणं एका दिवसात बदलावं लागलं, जे कधी करायचं नसतं. ते हळूहळू, आठवडाभरात, जुन्यात नवं मिसळत करायचं. पिलांना हगवण लागली. मिलिमो मीठ-साखरेचं पाणी पाजत फिरली, तरी रोज सकाळी दोन-तीन मेलेली निघायची. ती त्यांना मागच्या पायांना धरून खड्ड्याकडे न्यायची, चुना टाकायची, हात धुवायची आणि उरलेल्यांना खायला घालायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिथं काही नव्हतं. त्या विणींतल्या एकाही पिलाला तिनं नाव दिलं नव्हतं.

ती स्वतः जेवायची विसरायची. ताट वाढून ठेवलं तर गार होऊन जायचं. मग मी तिच्याच पद्धतीनं केलं. न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, एक छोटा गोळा, वर दोन सुके मासे, हातात द्यायचे. तेवढं खायची. तासाभरानं पुन्हा एक. पूर्ण ताट कधी समोर ठेवलं नाही. एकदा ती हातातल्या गोळ्याकडे बघून म्हणाली, "मला पण हगवण लागेल म्हणून भितेस?" मला वाटलं आता हसेल. ती खात राहिली.

आंब्यांना मोहोर आला तेव्हा गेट उघडलं. ताप आमच्याकडे शिरला नव्हता. साहेबांनी एक बोकड कापला, पुरुष नाचले. मिलिमोनं नवीन आलेल्या बाईला माद्यांची मापं दाखवली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "येतेस माझ्याबरोबर?" तिनं माझ्याकडे काही मागितलेलं तेवढंच.

पेम्बाला बसमधून उतरलो, पुढं चालत. आमच्याकडे मातीला न पोचलेलं माणूस नंतर आलं तरी अंगणाच्या कडेला येताच मोठ्यानं रडायला लागतं. ते रडणं ऐकून घरातले बाहेर येतात, तेही रडतात, आणि त्यानंतर पाणी दिलं जातं. रडल्याशिवाय आत जायचं नसतं. शेवटच्या वळणावर मिलिमोनं डोक्याचं काळं फडकं नीट बांधलं. मला वाटलं, आता.

अंगणाची कड आली. डेलिया मावशी शेंगा फोडत बसली होती, आम्हाला बघून उठून उभी राहिली आणि थांबली. शेजारच्या दोन बायकाही थांबल्या. मिलिमो उभी राहिली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती तशीच उभी, तोंड उघडं, हात बाजूला. कोंबड्या पायांतून गेल्या.

"आलीस?" मावशी म्हणाली. "डुकरांनी रजा दिली?"

मिलिमोनं तोंड मिटलं.

"रड गं!" शेजारीण कुजबुजली. "रड आधी, नाहीतर कसं चालेल?"

"येत नाही," मिलिमो म्हणाली.

मावशीनं हातातलं सूप खाली आपटलं. मला वाटलं मारते आता. पण ती आली, मिलिमोच्या दंडाला घट्ट धरलं आणि स्वतःच मोठ्यानं रडायला लागली. "जेलिता! अगं जेलिता! तुझी पोर आली गं! उशीर झाला तिला, जेलिता! वाट खूप लांब होती गं!" मिलिमोनं जे म्हणायला हवं होतं ते सगळं मावशीनं म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिला हलवत राहिली, एखाद्या झाडाला हलवावं तशी. बाकीच्या बायकाही सुरू झाल्या. मीही. अंगणात फक्त मिलिमो गप्प होती. चिपेगो दारात येऊन उभी राहिली, तिच्या अंगात तोच तोकडा स्वेटर.

मग पाणी आलं. मिलिमो प्यायली.

संध्याकाळी हाबेन्झू मामा आले. पुरुषांच्या शेकोटीजवळून उठून ते आमच्या बाजूला आले, हे ते सहसा करत नाहीत.

"मी थांबलो होतो त्या दिवशी," ते म्हणाले.

"माहीत आहे मामा."

"तू दिसत होतीस मला. बादली घेऊन जाताना."

"हो."

मामा आणखी काही विचारतील असं वाटलं. त्यांनी एक लाकूड आत सरकवलं. "तुझी आई पण तशीच होती," ते म्हणाले. "तुझे बाबा गेले तेव्हा तीन दिवस मका कांडत बसली. आम्ही मुसळ हिसकावून घेतलं. मला त्या दिवशी तुझ्या हातातून बादली हिसकावता आली नाही. मधे तो चुन्याचा हौद होता."

घरच्यांची बैठक बसली. मिलिमोनं एक बकरी द्यावी, ती कापून सगळ्यांनी मिळून खावी आणि त्यापुढे कुणी हा विषय काढू नये, असं ठरलं. मिलिमोनं बकरी दिली. सगळ्यांनी खाल्ली. विषय निघायचा तो निघतोच, पण घरात नाही.

फार्मवर ती पुढचा पावसाळा संपेपर्यंत राहिली, मग नोकरी सोडून आईच्या घरी गेली. साहेबांनी थांब म्हणून खूप सांगितलं. गावात डुकरं ठेवायला पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा मामांनी एक तरणी मादी आणून दिली, आणि आता मिलिमोकडे चार आहेत. चिपेगो चोमाच्या शाळेत वसतिगृहात राहते. एकदा ती मला बाजारात भेटली, चांगली उंच झालीय. शेंगदाणे खात खात तिनं विचारलं, "ट्रायफिना मावशी, आई तेव्हा का नाही आली?"

"तिला विचार."

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, निघालेच होते."

मी तिला जे बघितलं ते सांगितलं, जसं आत्ता सांगितलं तसं. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही, त्या बाबतीत ती आईवर गेलीय.

मिलिमो आता गावातल्या प्रत्येक मातीला जाते. सगळ्यांच्या आधी पोचते, लाकडं आणते, मोठी हंडी चढवते, बायका आत रडत असतात तेव्हा ती बाहेर न्शिमा घाटत असते. ती रडत नाही याची आता लोकांना सवय झालीय. डेलिया मावशी तिच्याकडेच राहायला आलीय, म्हातारपणामुळे, आणि दोघी दिवसभर भांडतात. मागच्या महिन्यात मी गेले तर भांडण ऐन रंगात होतं. मावशीनं मिलिमोचा नवा वरवंटा शेजारणीला दिला होता आणि शेजारीण तो परत आणून देत नव्हती.

"मागून आण," मिलिमो म्हणत होती.

"मी नाही मागणार. मला लाज वाटते."

"देताना नाही वाटली?"

"देताना कशाला वाटेल? देताना माणूस चांगलं दिसतं."

मिलिमोनं माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि स्वतःच वरवंटा आणायला निघाली. आवाज अजून पहिल्यासारखा झालेला नाही, पण कुंपणापलीकडे ती शेजारणीशी काय बोलली ते आम्हाला इथवर ऐकू आलं.